पालटाची घंटा

मॉइरा ट्रेगियरला टॅरिन्गुलमधली माणसं नुसत्या श्वासावरून ओळखू यायची. यात तिचं काही कौतुक नाही. गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर अर्धा जन्म काढला की कुणालाही यायला लागतील. फोन उचलला की बोलण्याआधी माणूस श्वास घेतो, आणि तिथेच पकडला जातो. बेकरीवाला नाकातून घ्यायचा, शाळेच्या बाई उसासा टाकूनच सुरुवात करायच्या, पाद्री आधी घसा साफ करायचा, आणि ज्याला दुसऱ्याच्या बायकोशी बोलायचं असे तो श्वास घ्यायलाच विसरायचा. मॉइराला सगळं ठाऊक होतं आणि तिच्या तोंडाला कुलूप होतं. गावाने तिला इतकी वर्षं सांभाळून घेतलं ते या कुलपाच्या जिवावर.

हा कान तिला लहानपणीच लागला होता. तिचा बाप जेबेझ सोन्याच्या खाणीत भोकं पाडायचा. दगडाची धूळ छातीत बसत गेली आणि चाळिशीतच त्याला जिना चढवेनासा झाला. पोरीने बापाच्या उशाशी बसायचं आणि श्वास ऐकायचा, काही वेगळं वाटलं तर आईला हाक मारायची, हे तिला नेमून दिलेलं काम होतं. इतर मुली दोरीवरच्या उड्या मारत तेव्हा ही बापाच्या छातीवर कान ठेवून असे. धुळीची छाती वाजत नाही. श्वास फक्त तोकडा होत जातो, अंगाबरोबर न वाढलेल्या सदऱ्यासारखा. बाप गेला तेव्हा त्याच्याबरोबर खाणीत उतरणारा वॉल पॅस्को पुढे झाला. वॉलने वेळीच खाण सोडली होती आणि गवताचे भारे वाहायचं काम धरलं होतं. मॉइराच्या लग्नात बापाच्या जागी हात धरून तिला चर्चमध्ये नेलं ते वॉलने, आणि तिच्या लेकीला, ग्लेनिसला, पहिल्यांदा घोड्यावर बसवलं तेही वॉलने. त्याने लग्न केलं नाही. "एक पोरगी लग्नात देऊन टाकली, दुसऱ्या बाईची जबाबदारी कोण घेतो," म्हणायचा.

आता पालटाबद्दल सांगायला हवं. नोव्हेंबरात, म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर, उत्तरेचं वारं सुटतं. वाळवंटावरून येतं ते, भट्टीचं दार उघडल्यासारखं. दोन-तीन दिवस घरं दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून बसतात, आणि माणसं एकमेकांवर खेकसतात. मग एखाद्या संध्याकाळी नैर्ऋत्येकडून गार वारं येतं, आणि बघता बघता अंगावर शाल घ्यावीशी वाटते. त्याला आम्ही पालट म्हणतो. पालट आला की सगळं गाव घरं उघडतं आणि बाहेर येऊन, त्या वाऱ्याकडे तोंड करून नुसतं उभं राहतं. हातात बियर असते, कुणी बोलत नाही. आमच्यात चर्चला न जाणारे पुष्कळ निघतील, पण पालटाला बाहेर न येणारा एक निघायचा नाही.

हा पालट गावात पोचण्याआधी मॉइराला कळायचा. पश्चिमेच्या गावातली एक्स्चेंजवाली तिला सांगायची, "निघाला गं, धर." मग मॉइरा सगळ्या लाइनींवर एकदम एक लांब घंटा द्यायची. हा काही सरकारी नियम नव्हता, तिचाच रिवाज होता. घंटा झाली की गावात खिडक्यांचा खडखडाट. आणि गंमत अशी की खुद्द मॉइराच्या खोलीची खिडकी कधीच उघडत नसे. लाइनी जोडायच्या बोर्डात धूळ जाते म्हणून ती खिळे ठोकून बंद केलेली. सगळ्या गावाला हवा वाटणारी बाई स्वतः घामात बसायची. "गवळ्याच्या घरी ताकाची बोंब," म्हणायची आणि हसायची.

त्या वर्षी वसंतात पाऊस भरपूर झाला होता. राय गवत कुंपणांच्या वर आलं होतं आणि अख्खं गाव शिंकत होतं. ग्लेनिसचे डोळे तर महिनाभर लाल. ती लग्न होऊन गावाबाहेर पूर्वेच्या शेतावर राहायची. नवरा त्या दिवशी मेंढ्यांच्या बाजाराला गेला होता, आणि मॉइराचा नवरा लेस ट्रक घेऊन दूर उत्तरेला. संध्याकाळी आभाळ पश्चिमेकडून जांभळं व्हायला लागलं. उजेड पिवळा पडला, जुन्या काचेतून पाहिल्यासारखा. "निघाला गं," पश्चिमेची म्हणाली. "पण जरा विचित्र वाटतोय. आमच्याकडे कुत्री भुंकायची थांबलीत."

"तुमची कुत्री आळशीच," मॉइरा म्हणाली आणि तिने घंटा दिली.

विजा चमकल्या, चार थेंब पडले. मग बोर्डावर पहिली झडप पडली, म्हणजे कुणीतरी फोन उचलला. वॉलची. हेही नेहमीचंच. घंटेनंतर सगळ्यात आधी वॉलचा फोन यायचा: "हवा बरी निघाली गं या खेपेला. कुठल्या दुकानातून आणलीस?" आणि ती म्हणायची, "तुझ्यासाठी कपाटात ठेवलेली जुनी काढली."

तिने वॉलच्या लाइनीत जोडणीची दोरी खोचली. "बोल रे म्हाताऱ्या, आवडली का हवा?"

पलीकडे शिट्टी वाजत होती. बारीक, लांब, किटलीचं पाणी उकळायला लागताना वाजते तशी. तिला वाटलं खरंच किटली ठेवली आहे. मग त्या शिट्टीच्या आतून वॉलचा आवाज आला. "मॉइ... छाती... आवळलीय पोरी."

"फोनपर्यंत पळत आलास की काय? या वयात? गवताचं काहीतरी गेलं असेल घशात. दार सताड उघड, तिथेच खुर्ची ओढ आणि गार हवा घे चांगली. मी आहे लाइनीवर."

तेवढ्यात दुसरी झडप पडली, तिसरी पडली. एकीवर शाळेच्या बाई होत्या, पण उसासा नव्हता, नुसती शिट्टी. दुसरीवर कोण ते तिला प्रथमच ओळखू आलं नाही. सगळ्यांचे श्वास एकसारखे झाले होते.  ती वॉलकडे परतली तेव्हा तिथली शिट्टी थांबली होती.

"बघ! हवा लागली आणि मोकळा झालास. लाइनीवर आहेस का? वॉल?" उत्तर नाही. एक्स्चेंजवर साधा कायदा असतो, लाइनीवर कुणी बोलत नसेल तर दोरी काढायची. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिने दोरी काढली.

काचेतून तिला रस्ता दिसत होता. समोरच्या हिरवळीवर, गोळे घरंगळवण्याचा खेळ खेळणाऱ्या बोलिंग क्लबची मंडळी पांढऱ्या कपड्यांत उभी होती, वाऱ्याकडे तोंड करून. त्यातली एक बाई रस्त्याच्या कडेला बसली. मग एक माणूस बसला. मग आणखी दोघं. सगळे एकाच तऱ्हेने बसले: हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत वर, मान पुढे. कुणी ओरडत नव्हतं. ओरडायला हवा लागते. एकेक माणूस खाली बसत गेला, आणि जे उभे होते ते बसलेल्यांना वारा लागावा म्हणून बाजूला सरकत होते. बोर्डावर झडपा पडत होत्या, टप, टप, टप, आणि प्रत्येक लाइनीवर तीच शिट्टी.

तिने इस्पितळात डॉक्टर फेअरली यांना जोडलं. गावात डॉक्टर हे एकच, आणि रोग्यांकडे जायला गाडीही त्यांचीच. मागून खोकल्यांचा गलका ऐकू येत होता.

"डॉक्टर, सगळं गाव शिट्ट्या मारतंय."

"माहीत आहे. अर्धं गाव माझ्या दारात आहे," डॉक्टर म्हणाले. "दमा आहे हा. का, कसा, मला विचारू नका. छातीत नळ्यांचं झाड असतं, मिसेस ट्रेगियर, उलटं टांगलेलं. फांद्या बारीक होत जातात आणि टोकाला हवेचे फुगे. आत्ता या सगळ्यांच्या फांद्या आवळल्यात. हवा आत जाते, बाहेर पडत नाही. लोकांना वाटतं श्वास घेता येत नाही, पण अडतंय ते सोडताना. त्यांना सांगा, बसून राहा, आडवे होऊ नका, ओठ आवळून मेणबत्तीवर फुंकल्यासारखा हळूहळू सोडा."

"बरं. पण काहीजण आपोआप बरे होतायत. शिट्टी थांबते."

 डॉक्टरांचा आवाज एकदम चढला. "शिट्टी थांबणं चांगलं नाही, मॉइरा! वाजतंय म्हणजे हवा हलतेय. गप्प झाला म्हणजे हलायची थांबली. वाजणाऱ्याला वाट बघता येते, गप्प झालेल्याला नाही. कुणी गप्प झालं तर आधी मला सांग, मी इंजेक्शन घेऊन निघतो. इथलं नर्स बघेल."

 मॉइराने वॉलची दोरी पुन्हा खोचली. पलीकडे जाळीचं दार वाऱ्याने आपटत होतं, पागोळी ठिबकत होती. शिट्टी नाही, श्वास नाही. "वॉल?" ती म्हणाली. "वॉल, ऐकतोस ना?"

टक, आवाज आला. मग थोड्या वेळाने पुन्हा, टक. रिसीव्हरवर नख वाजत होतं. वॉल तिथेच होता, खुर्चीत, जागा, आणि त्याच्याकडे बोलायला तर सोडाच, शिट्टीलाही हवा उरली नव्हती.

"आले, आले, डॉक्टरांना पाठवते," ती म्हणाली आणि तिचा हात डॉक्टरांच्या दोरीकडे गेला, तोच पूर्वेच्या शेताची झडप पडली. तिने ती आधी घेतली. कुठली आई घेणार नाही?

"आ... ई."

ग्लेनिस वाजत होती. उंच, तुटक, मध्येच चिरकत.  मॉइराने डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं, बस, फुंक, घाबरू नकोस, आणि स्वतःच इतकी घाबरली की शब्द एकमेकांवर आदळत होते. ग्लेनिसच्या लाइनीची बोलण्या-ऐकण्याची कळ तिने उघडीच ठेवली, कारण ती शिट्टी कानाआड करणं तिला शक्य नव्हतं. मग दुसऱ्या दोरीवर डॉक्टरांना घेतलं.

"डॉक्टर, माझी ग्लेनिस. शेतावर एकटी आहे."

"आणखी कोण?"

"वॉल. वॉल पॅस्को."

"तो पश्चिमेला, ती पूर्वेला, मॉइरा. मी एकाकडेच आधी जाऊ शकतो. दोघांतलं गप्प कोण आहे?"

एका कानात लेक वाजत होती. दुसरीकडे बोर्डावर वॉलची दोरी लोंबत होती, आणि त्या नखाचा आवाज येत नव्हता तरी तिला येत होता. ती सरळ बाई होती. आख्खं गाव तिच्या शब्दावर घरं उघडायचं. तिने तोंड उघडलं.

"ग्लेनिस," ती म्हणाली.

"मला ऐकू दे. जोड."

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. खोटं पकडलं जाणार, आणि तेही डॉक्टरांच्या कानावर. पण नाही म्हणणार कशी? तिने दोन्ही लाइनी एक केल्या आणि डोळे मिटले.

लाइनीवर काही नव्हतं. शिट्टी नाही, श्वास नाही, काही नाही. आत्ता वाजत असलेली तिची पोर मुळी नव्हतीच.

"निघालो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांचा फोन आदळला.

मॉइरा गोठून बसली. आपण बोललो आणि ते खरं झालं. आपणच तिला गप्प केलं, एका शब्दाने. खोलीत वारा नव्हता, तरी तिला मानेवर कुणीतरी गार फुंकर घातल्यासारखं वाटलं. "ग्लेनिस!" ती किंचाळली. "ग्लेनिस, वाज गं! वाज माझे आई!" आणि मग, कितीतरी वेळाने, निदान तिला तसं वाटलं, एक बारीक शिट्टी पुन्हा सुरू झाली.

मॉइरा ओक्साबोक्शी रडली. रडत रडत तिने वॉलची दोरी खोचली.

टक.

"येतायत, वॉल," ती म्हणाली. याहून जास्त ती काय बोलणार? वॉलच्या शेजारच्या घरांना तिने घंटा दिल्या, कुणी फोन उचलला नाही, सगळे रस्त्यावर वाऱ्यात बसले होते. ती परत वॉलकडे आली. टक. पागोळी, दार, पागोळी. मग बराच वेळ नुसतं दार. मग तिला कळलं की आपण बराच वेळ दारच ऐकतो आहोत.

डॉक्टर अंधार पडता पडता एक्स्चेंजमध्ये आले. टोपी हातात होती. "ग्लेनिस बरी आहे. इंजेक्शनने उतरलं. पण अजब आहे, मॉइरा, फाटकापाशीच मला तिची शिट्टी ऐकू आली. गप्प झालेली छाती इंजेक्शनाआधी वाजायला लागलेली मी तरी पाहिली नाही." मॉइराने मान वर केली नाही. "वॉलकडे जाऊन आलो," ते हळू आवाजात म्हणाले. "खुर्चीत होता. रिसीव्हर हातात तसाच. आधी गेलो असतो तरी वाचलाच असता असं नाही." माणूस चांगला होता तो. पण त्या वाक्याने तिला काडीचाही आधार मिळाला नाही.

पुढे शहरातून शिकलेली माणसं आली. राय गवताचा पराग ओलाव्याने फुगतो, फुटतो, त्याचे कण इतके बारीक होतात की नाकात न अडता थेट खालच्या फांद्यांत जातात. वादळाच्या पुढे धावणारा गार वारा नेमकं तेच घेऊन येतो. घरात दारं लावून बसला असतात तर बरं झालं असतं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही माना डोलावल्या. पिढ्यान्पिढ्या ज्याच्याकडे तोंड करून उभे राहिलो त्याला पाठ दाखवा म्हणणं सोपं असतं.

मॉइराने पुन्हा कधी घंटा दिली नाही. गावाला वाटलं, गाव उघडायला लावलं म्हणून मनाला लावून घेतलंय. गावाने तिला समजावलं, केक करून आणले, "तुझा काय दोष बाई," म्हटलं. तिने ते केक खाल्ले. आणि दर नोव्हेंबरात, पालटाच्या विजा चमकायला लागल्या की, बोर्डावर वॉलच्या रिकाम्या घराची झडप पडायची. तारा दुरुस्त करणारा म्हणायचा, वीज उतरते तारेत, सगळ्याच जुन्या लाइनींवर होतं. असेल. ती दर वेळी दोरी खोचायची आणि म्हणायची, "येतायत, वॉल." मग ऐकत बसायची. काय ऐकू यायचं ते तिने कुणाला सांगितलं नाही. पुढे स्वयंचलित एक्स्चेंज आलं, बोर्ड ट्रकमध्ये घालून नेला, आणि तिने तो जाताना बघायचंही टाळलं.

लेस गेल्यावर ती ग्लेनिसकडे शेतावर राहायला आली. कान अजून तिखट, बाकी सगळं थकलेलं. रात्री लेकीच्या खोलीत श्वास नीट चाललाय ना ते दाराशी उभी राहून ऐकायची, आणि पन्नाशीची लेक आतून म्हणायची, "जिवंत आहे गं, झोप आता."

एका नोव्हेंबरात, उत्तरेचं वारं पडून पालट येत असताना, दोघी स्वयंपाकघरात दारं लावून बसल्या होत्या. टेबलावर ग्लेनिसचा दम्याचा पंप होता. बाहेर पहिला गार झोत काचेवर आदळला आणि मॉइरा एकदम बोलायला लागली. इतकी वर्षं कुलूप होतं, ते असं मध्येच कसं निघालं देव जाणे. वॉलचं नख, डॉक्टरांचा प्रश्न, आपलं खोटं, सगळं सांगितलं.

"आणि ते लगेच खरं झालं," ती म्हणाली. "मी लाइन जोडली आणि तू गप्प. तुझा श्वास मी काढून घेतला गं. बोललेलं खोटं असं पोटच्या पोरीवर उतरताना मी ऐकलंय. नंतर तो परत आला, पण वॉलच्या श्वासाच्या बदल्यात आला, असं मला रोज वाटतं."

ग्लेनिस पंपाशी चाळा करत होती. तिने तो खाली ठेवला.

"कळ उघडी होती, आई," ती म्हणाली. "तुझं नि डॉक्टरांचं सगळं बोलणं मला ऐकू येत होतं. गप्प कोण, त्याच्याकडे आधी जाणार, सगळं. तू माझं नाव घेतलंस. मग ते म्हणाले, ऐकू दे."

"मग?"

"छाती फुटायला आली होती. पण वाजले असते तर ते वॉल आजोबांकडे गेले असते," ग्लेनिस म्हणाली. "म्हणून मी दम धरला."